पेट्रोल कोण पितंय

माझ्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जातो. आमची काशी म्हणते, "तुमच्या डोक्याला रिव्हर्स गिअरच नाय." बायकोचं बोलणं मी सहसा मनावर घेत नाही, पण हे तिचं बोलणं खरं आहे. त्यापायी गेल्या पौषात एका माणसाचं घर मोडायला निघालो होतो.

मी कुंडलिक, शेणव्याचा. सत्तावीस वर्षं शहापूर-किन्हवली रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवली. आता डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून रोजचं चालवणं सोडलंय. घरी पांढरी पेट्रोलची गाडी आहे, सेकंडहँड घेतलेली. माझा मुलगा शेखर रोज सकाळी बायकोला, समीक्षाला, शहापूरच्या लॅबमध्ये सोडतो, गाडी आसनगावला स्टेशनबाहेर लावतो आणि पुढं कामाला जातो. संध्याकाळी तसाच उलटा येतो. समीक्षाला तेव्हा सातवा महिना होता. मोटरसायकलचे धक्के तिला नकोत म्हणूनच तर गाडी घेतली.

घेतली तेव्हा गाडी लिटरला अठरा किलोमीटर चालायची. दिवाळीनंतर पंधरावर आली, आणि पौष लागला तशी बारावर. बारा! माझी जीप नऊ माणसं आत कोंबून आणि पाच मागं लटकवून बारा द्यायची. ह्या गाडीत बसतात दोन माणसं आणि दोन डबे.

"बाबा, मेकॅनिकला दाखवू," शेखर म्हणाला. "पिकअप पण नाय राहिला."

मी त्याला तिथंच गप्प केला. बापाने सत्तावीस वर्षं इंजिनाशी संसार केला आणि हा मला मेकॅनिक दाखवतोय. मी स्वतः एअर फिल्टर काढून झटकला, प्लग साफ केले, चारी टायरांत हवा भरून आणली. बॉनेट उघडं ठेवून कान लावून बसलो. इंजिन ठणठणीत होतं. किलोमीटरचा आकडा रोजच्या रस्त्याइतकाच पुढं सरकत होता, म्हणजे शेखर कुठं भटकत नव्हता. इंजिन बरं, रस्ता तोच, तरी पेट्रोल गायब. मग राहिलं काय? चोरी.

आता इथं माझं एक पाप सांगून टाकतो. जवानीत मी मालकाच्या जीपमधून डिझेल काढायचो. टाकीत नळी घालायची, तोंडाने ओढायची आणि जिभेला चव लागली की नळी कॅनमध्ये सोडायची. मालक बिचारा गॅरेजवाल्याला शिव्या घालायचा. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात ना, तसं ज्याने स्वतः नळी ओढलीय त्याला जगातल्या प्रत्येक नळीत डिझेल दिसतं.

आणि नळी सापडली. भगीरथच्या गाठोड्यात सापडली.

भगीरथ डोंगराकडच्या वाडीतला ठाकूर. बावीस वर्षं माझ्या शेतात भाताच्या लावणीपासून झोडणीपर्यंत राबतोय. त्या दिवसांत तो वालाच्या राखणीला होता आणि आमच्या पडवीतच झोपायचा, गाडीच्या शेजारी. दिवाळीत त्याने जुनी मोटरसायकल घेतली होती. हे सगळं मी मनात जुळवलं आणि माझ्या डोक्याने टॉप गिअर टाकला.

घरात बोलायचं सोडून मी नळी घेऊन थेट नाक्यावर गेलो. भगीरथ तिथं चहा पीत होता. दहा-बारा माणसं होती.

"काय रे भगीरथ, माझ्या पेट्रोलवर मोटरसायकल उडवतोस काय?"

त्याने ग्लास खाली ठेवला. "नाय दादा. ती फवाऱ्याच्या पंपाची जुनी नळी हाय. तुमीच फेकलेली."

"मंग पेट्रोल गेला कुठं?"

"मला काय म्हायीत?"

तो ओरडला असता तर मी कदाचित थांबलो असतो. तो शांत राहिला, म्हणून मला तो आणखी पक्का चोर वाटला. सगळ्यांसमोर मी नको ते बोलून बसलो, "खरा असशील तर वीराच्या दगडावर हात ठेव!"

आमच्या भागात ही गोष्ट कुणी सहज बोलत नाही. वीराच्या दगडावर हात ठेवायचा म्हणजे आपल्या घरातल्या सगळ्यात धाकट्या जिवाचं नाव घेऊन शपथ वाहायची. तिथून पुढं सव्वा महिना सगळे त्या जिवाकडं बघत बसतात. त्याला काही झालं तर शपथ खोटी आणि माणूस चोर. काही नाही झालं तर सुटला. त्या सव्वा महिन्यात त्या घरात ना लग्न, ना साखरपुडा. गावातली जुनी भांडणं तुटायची अशी. पण माझ्या आठवणीत अशी शपथ दोनदाच झालेली, आणि दोन्ही वेळा माणसं महिनाभर जेवली नव्हती.

भगीरथच्या घरात सगळ्यात धाकटी म्हणजे हिरी, त्याच्या थोरल्या मुलाची मुलगी, आठ महिन्यांची. तिचे आईबाप वीटभट्टीवर गेलेले, पोर आजीजवळ, म्हणजे भगीरथच्या बायकोजवळ, लहानीजवळ. आणि पोरीला पंधरा दिवस खोकला होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी पुष्कळ होतं. पण भगीरथची मुलगी मीना, तिचं लग्न ठरलेलं. माघातली तारीख. मुलगा म्हशाजवळच्या वाडीतला. नाक्यावरचं बोलणं दोन दिवसांत तिकडं पोचलं आणि मुलाच्या बापाचा, लखमाचा निरोप आला, 'चोराच्या घरची पोर आमाला नको. कुंडलिकदादा बोललाय तसा हात ठेव. आमच्या वाडीच्या वीरापुढं ठेव, रविवारी. सव्वा महिना जाऊ दे, मंग लग्नाचा बघू.' बघू म्हणजे काय ते सगळ्यांनाच कळतं. माघ निघून जाणार होता.

काशी मला रात्रंदिवस बोलत होती. "तुमी बोल मागं घ्या. ती पोर खोकतेय. सव्वा महिन्यात तिला काय झाला तर तो बिचारा चोर नसून चोर ठरंल. वर नात जाईल ती जाईलच."

"खरा असंल तर काय होनार नाय."

"पोरांना ताप यायला खोटी शपथ लागते होय?"

समीक्षाही बोलली, पोटावर हात ठेवून, हळू आवाजात. ती मला सहसा उलट बोलत नाही. "बाबा, लॅबमधी एका टेस्टवर आमी कुणाला आजारी ठरवत नाय. तुमी एका नळीवर माणूस चोर ठरवला."

मी ऐकलं नाही. उलट म्हणालो, मीच नेतो त्यांना माझ्या गाडीतून. मला वाटलं, वाटेत एस्टीतून उतरून पळाला तर?

रविवारी सकाळी पेट्रोल भरलं आणि निघालो. मागं भगीरथ आणि लहानी, लहानीच्या मांडीवर हिरी, कानटोपी घातलेली. भगीरथने धुतलेला पांढरा सदरा घातला होता. लहानी माझ्याकडं बघतच नव्हती. बावीस वर्षं ती माझ्या ओट्यावर बसून काशीशी गप्पा मारत आलेली बाई, त्या दिवशी माझ्याच गाडीत कुणा परक्याच्या घरी आल्यासारखी बसली होती.

किन्हवली गेली, सरळगाव गेलं. हिरी खोकायची, थांबायची, पुन्हा खोकायची. प्रत्येक खोकल्याला आरशात भगीरथचे डोळे खाली जायचे. गाडी जड चालली होती. मी ॲक्सिलरेटर दाबत होतो आणि मनात शेखरला शिव्या देत होतो, चालवून चालवून गाडीची वाट लावलीन म्हणून.

मुरबाडला समीक्षाचा फोन आला. मी उचलला नाही. फोन खिशात टाकताना नजर पेट्रोलच्या काट्यावर गेली. काटा चांगलाच खाली आलेला. ज्याला मी चोर म्हणत होतो तो सकाळपासून माझ्या मागच्या सीटवर बसलेला होता, आणि तरी पेट्रोल चाललंच होतं. मी तो विचार झटकून टाकला. चढ होता, चार माणसं होती, असं मनाशी म्हणालो. हट्टी माणसाला कारणं सापडतात.

मुरबाड सोडल्यावर लहानी पहिल्यांदा बोलली. "थांबवा. मळमळतंय. जळका वास येतोय गाडीत."

"गाडीत काय जळत नाय."

"थांबवा ओ दादा, ओकारी येतेय."

पुढं एक उतार होता, खाली वळण आणि वळणापलीकडं ओढा. मी चिडून उतारावरच बाजूला घेतली, न्यूट्रल केली, चावी फिरवली आणि दार आपटून उतरलो. लहानीने हिरीला सीटवर निजवली आणि धावत कडेला गेली. भगीरथ उतरला तो तिच्या मागं गेलाच नाही. त्याने खिडकीतून आत बघितलं आणि रस्त्याकडेचा एक मोठा दगड उचलून उजव्या मागच्या चाकाच्या पुढं लावला.

"हे काय करतोस?"

"हँडब्रेक खालीच हाय दादा."

"मला शिकवतोस? काढ तो दगड! मी काय आज चालवतोय?"

मी दाराशी जाऊन आत वाकलो. हँडब्रेक खरंच खाली होता. रागाच्या भरात लावायचा राहून गेलेला. गिअर न्यूट्रलला. मी हात पुढं केला आणि तसाच थांबलो.

गाडी उभी होती. मी उतरलो, दार आपटलं, बोललो, ह्याने दगड शोधून आणला, तोवर गाडी उभीच होती. एवढ्या उतारावर, न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, आणि ती बोटभरही सरकली नव्हती.

मी पुढच्या चाकांना हात लावून बघितला. कोमट. उजवं मागचं, तेही कोमट. डाव्या मागच्या चाकाला हात लावला आणि ओढूनच घेतला. रिमवर थुंकलो. चर्र झालं. आता तो जळका वास मलाही आला.

"ते चाक रोजच गरम असतं," भगीरथ मागून म्हणाला.

मी वळलो. "काय बोललास?"

"रोज सांजचं गाडी आली का तुमचा कुत्रा त्याच चाकाला पाठ लावून निजतो. थंडीचा. बाकीच्या चाकांना बघत पण नाय."

"मंग मला सांगितला का नाय?"

"तुमी कुठं विचारला? तुमी नळी विचारली."

मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. एकेक गोष्ट डोक्यात लागत गेली, आणि ह्या वेळी ती मला जुळवावी लागली नाही. आमचं अंगण विहिरीकडं उतरतं आहे. पूर्वी माझी जीप एकदा तशीच सरकत जाऊन विहिरीच्या कठड्याला धडकली होती. तेव्हापासून मला खोड आहे, संध्याकाळी गाडी आली की मी जातो आणि शेखरने लावलेला हँडब्रेक आणखी दोन दात वर खेचतो. पावसाळ्यात रस्ता खचला होता तेव्हा वीस दिवस गाडी तशीच उभी होती, हँडब्रेक गळ्यापर्यंत खेचलेला, खाली लाल चिखल. तार आत गंजून अडकली. दांडा खाली यायचा, पुढचा लाल दिवा विझायचा, पण डाव्या चाकाचा ब्रेक धरलेलाच राहायचा. अन् मी रोज संध्याकाळी आणखी दोन दात खेचत होतो. शेखर रोज एक चाक बांधलेली गाडी शहापूरला, आसनगावला ओढून नेत होता.

माझं पेट्रोल मीच पीत होतो.

लाज वाटली की शहाणा माणूस गप्प बसतो. माझ्यासारख्याला लाज वाटली की आधी हात चालवावेसे वाटतात. मी डिकीतून पक्कड आणि पाना काढला, चाक जरा निवू दिलं आणि पाठीवर सरपटत गाडीखाली घुसलो. तार चाकाकडं जिथं जाते तिथं पक्कडीने धरली. माझी छाती बरोबर त्या चाकाच्या पुढ्यात होती. सत्तावीस वर्षं गाडी चालवली आणि खाली शिरण्याआधी गिअर टाकायचा विसरलो. मी पानाने ठोका मारला, तार ओढली, पुन्हा ठोका मारला. तिसऱ्या ठोक्याला आत खट् असा आवाज झाला आणि तार सैल पडली.

आणि माझ्या अंगावरची गाडी हलली.

ओरडायलासुद्धा वेळ नव्हता. गाडी पुढं आली, टायर माझ्या बरगडीला लागला, आणि थांबली. कुठूनतरी दगड रस्त्यावर करकरल्याचा आवाज आला. आत हिरी जागी होऊन रडायला लागली. लहानी किंचाळली. मला दोन पाय दिसले, भेगाळलेल्या टाचांचे, दगडामागं रोवलेले, आणि भगीरथचा आवाज आला, दाबलेला, "दादा, निघा. निघा बाहेर. डावीकडून."

मी निघालो कसा ते मला आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा त्याने दोन्ही हातांनी मागच्या दाराची चौकट मागं ओढून, एक पाय दगडावर दाबून धरला होता. मी आत घुसून गिअर टाकला. लहानीने हिरीला उचलून छातीशी धरली. चौघांत फक्त हिरीच रडत होती.

"दगड काढ म्हनालो होतो ना तुला?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"नाय काढला."

"का?"

"पोर आत व्हती."

माझ्यासाठी नाही, हे त्याने सरळ सांगितलं. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

मी सदऱ्याची धूळ झटकली. "चल भगीरथ. घरी जाऊ. झाला ते झाला. पेट्रोल कोन पीत होता ते कळला."

"कुणाला कळला?" तो म्हणाला. "तुमाला आन मला. नाक्यावर दहा जणांत बोललाव तुमी. तिकडं वीराच्या थळावर लखमा वाडी घेऊन बसलाय. मी न जाता परत फिरलो तर तो काय म्हनंल? वाटेतून पळाला." मग जरा थांबून म्हणाला, "मीनाला मी काय सांगू?"

मी दगड बाजूला केला. आम्ही पुढं निघालो. सुटलेली गाडी उतारावरून अशी हलकी गेली की मी दचकून ब्रेक दाबला.

वीराचं थळ वाडीच्या अलीकडं एका जुन्या मोहाच्या झाडाखाली होतं. घोड्यावरचा माणूस कोरलेला, शेंदूर लावलेला, कमरेएवढा दगड. लखमा आणि वाडीतली सात-आठ म्हातारी माणसं गोल करून बसली होती. नारळ फुटलेला, दिवा लागलेला, उदाचा धूर चाललेला. लखमा उंच, सुकलेला माणूस. तो उठला नाही.

उतरल्या उतरल्या मी बोलायला लागलो. गाडीचं चाक, ब्रेक, तार, कुत्रा, सगळं एका दमात. हात दाखवले, काळे झालेले. बरगडीवर उमटलेली टायरची माती दाखवली. "भगीरथनं काय नाय घेतला. चूक माझी. नाक्यावर पण मी सांगेन, ज्यांनी ज्यांनी ऐकलाय त्या सगळ्यांना सांगेन."

म्हातारे एकमेकांकडं बघायला लागले. लखमाने मान हलवली. "तुमच्या तोंडानं आला, बरा झाला. पोर आमाला पसंतच हाय. माघातली तारीख आमी मोडनार नाय."

लहानीने डोळे मिटले.

"पन," लखमा म्हणाला, "शपथ बोलली गेली. वीराला उठवला, नारळ फुटला. आता कुणी हात न ठेवता उठला तर तो वाडीवर बसंल. हात ठेवायला लागंल."

ऐकता ऐकता भगीरथ पुढं सरकला. त्याने चपला काढल्याच होत्या. लहानीने हिरीला इतकी घट्ट धरली की ती पुन्हा खोकायला लागली. भगीरथने हात ठेवला असता तर पुन्हा तेच झालं असतं, सव्वा महिना, माघ हुकणार, आणि ह्या खोकणाऱ्या पोरीकडं सगळी वाडी डोळे लावून बसणार.

"थांब," मी म्हणालो. "बोल मी काढला. हात मी ठेवतो."

लखमाने माझ्याकडं निरखून बघितलं. "चालंल. भगीरथनं चोरी नाय केली, एवढाच बोला. आन नाव घ्या."

मी चपला काढून दगडापुढं बसलो. वाटलं, ह्यात काय आहे? खरं बोलायचंय. माझ्या डोळ्यांनी बघितलंय, चाकाचा चटका अजून बोटांना आहे. मी दगडावर हात ठेवला. शेंदूर ओलसर, थंड होता.

"भगीरथनं माझ्या गाडीतला पेट्रोल चोरला नाय. ही शपथ खरी."

"कुनाच्या नावानं?" लखमा म्हणाला. "घरात धाकटा कोन?"

शेखर. हे नाव माझ्या जिभेवर तयार होतं. चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस, त्याला काय होतंय? शेखर माझा धाकटाच की. ह्या वाडीतल्या कुणाला माझ्या घरातलं काय माहीत?

भगीरथला माहीत होतं. लहानीला माहीत होतं. समीक्षाच्या डोहाळ्यांना रानातल्या चिंचा आणि आवळे लहानीनेच आणून दिलेले. दोघं माझ्याकडं बघत होती. काही बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी खरं बोलत होतो. अक्षर न् अक्षर खरं. तरी नाव घ्यायचं धाडस होईना. डॉक्टरने सातव्या महिन्यात जपा म्हणून सांगितलेलं, ते आठवलं. पोरांना ताप यायला खोटी शपथ लागते होय, हे काशीचं बोलणं आठवलं. नाक्यावर उभं राहून, नळी नाचवत, मी ह्या माणसाच्या मांडीवरचं खोकणारं पोर ह्या दगडावर ठेवायला सांगितलं होतं. एका दमात, दहा जणांपुढं.

"दादा?" लखमा म्हणाला.

"माझ्या सुनेच्या पोटातला," मी म्हणालो. "त्याच्या नावानं."

म्हाताऱ्यांपैकी एकाने तोंडावर हात ठेवला. लखमाने दिव्यात तेल ओतलं आणि म्हणाला, "झाला."

परत येताना भगीरथ पुढं बसला, माझ्या शेजारी. गाडी सुरेख पळत होती. मुरबाड गेलं, सरळगाव गेलं. मध्ये कुठंतरी मी विचारलं, "ह्या चार दिवसांत झोपलास काय रे?"

"नाय."

माफी मागायला मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं, कारण मला माहीत होतं की तो 'असू द्या दादा' म्हणेल, आणि ते ऐकायची माझी लायकी नव्हती. त्यांना वाडीच्या वाटेला सोडलं. नाक्यावर थांबलो आणि जे होते त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. दोघं-तिघं हसले.

घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते. काशी दारात उभी. समीक्षा ओट्यावर वाल सोलत बसलेली, ती सूप बाजूला ठेवून उठली. "काय झाला बाबा? फोन पण उचलला नाय तुमी."

"सुटला भगीरथ," मी म्हणालो. "चूक माझी होती. तू बरोबर बोललीस."

तिच्या तोंडावर एवढं हसू फुललं की मला तिच्याकडं बघवेना. थळावर मी काय बोलून आलोय ते मी तिला सांगितलं नाही. काशीलाही नाही. सांगायचं कुठल्या तोंडाने?

समीक्षा पाणी आणायला वळली. वालाच्या टरफलांची धूळ उडाली असेल, ऊन-सावली झाली असेल, काय असेल ते असो, ती चौकटीत थांबली आणि शिंकली.

मी ओट्याच्या पायरीवर बसलो.

"काय झाला बाबा?" ती म्हणाली. "साधी शिंक तर हाय."

"शाल घे गो पोरी," मी म्हणालो. "आत जा. थंडी हाय."